सुट्या भागांची पारख

हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. जी वस्तु हातांत आहे ती पाहण्यास दुसऱ्या साधनाची गरज नाहीं, हा तिचा सरळ अर्थ. परंतु घरबसल्या मोबाईलच्या पडद्यावर वस्तु पाहून ती मागविण्याची जी ऑनलाइन पद्धत गेल्या कांहीं वर्षांत रूढ झाली, तिनें ही म्हण अगदीं उलटी करून टाकली आहे. तेथें कांकण हातांत नसतें. हातीं असतो तो केवळ आरसा, आणि तोहि विक्रेत्यानें धरलेला. साडी किंवा पुस्तक मागविलें आणि तें मनासारखें निघालें नाहीं, तर थोडा हिरमोड होतो व चार पैसे वायां जातात. पण मोटारीचा किंवा स्कूटरचा सुटा भाग खोटा निघाला तर हानि पैशांपुरती राहत नाहीं. त्या भागावर कोणाचा तरी जीव स्वार झालेला असतो. म्हणून असा भाग पारखावा कसा, आणि त्याचें वय ओळखावें कसें, हा प्रश्न आज घरोघरच्या विचाराचा झाला आहे.

येरवड्यासारख्या वस्तींत या प्रश्नाचें स्वरूप चांगलें दिसून येतें. मध्यवर्ती तुरुंग, डेक्कन कॉलेज आणि आगाखान राजवाडा यांच्यामुळें प्रसिद्ध असलेलें हें जुनें गांव आतां पुणें शहराचाच एक गजबजलेला भाग झालें आहे. एकीकडे संगणक-व्यवसायाच्या उंच इमारती आणि दुसरीकडे जुनीं घरें, अशी तेथील वस्ती आहे. अशा एखाद्या जुन्या घराच्या जिन्याखालीं चेतक स्कूटर धूळ खात उभी असलेली आढळली, तर त्यांत नवल कांहीं नाहीं. बजाज कंपनीनें १९७२ सालीं बाजारांत आणलेली ही गाडी मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या एका सबंध पिढीचें वाहन होती. तिच्यासाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि ती घरीं आली म्हणजे प्रथम तिची पूजा होई. पुढें धाकटें मूल उभें, मध्यें वडील, मागें एका अंगाला बसलेली आई आणि तिच्या मांडीवर आणखी एक मूल, असा सारा संसार घेऊन ती जेजुरीच्या वाटेवर दिवे घाट चढे आणि उतरे.

कल्पना करावी कीं, अशा एका घरांतील नातवाच्या मनानें घेतलें, आजोबांची ही गाडी पुन्हां रस्त्यावर आणावयाची. मिस्त्री येतो, गाडी उघडतो आणि यादी सांगतो : पुढचे-मागचे ब्रेक-शू, क्लच-प्लेटा, पिस्टन व रिंगा, ऑइल-सील, पेट्रोलची नळी, दोन टायर व ट्यूब. पूर्वीं अशा यादीचा कागद खिशांत घालून बंडगार्डनजवळचा पूल ओलांडावा, नाना पेठेंतील सुट्या भागांचीं दुकानें पालथीं घालावीं, आणि तेथें न मिळालें तर बुधवारीं किंवा रविवारीं मंगळवार पेठेंतील जुन्या बाजारांत जमिनीवर मांडलेल्या ढिगांतून हवा तो तुकडा शोधावा, हा क्रम होता. तेथें वस्तु हातांत घेऊन, उलटीसुलटी करून, नखानें खरवडून, शेजारच्या दुकानाशीं ताडून घेतां येई. दुकानदाराचा चेहरा ओळखीचा असे. भाग चुकीचा निघाला तर दुसऱ्या दिवशीं त्याच्या दारीं जातां येई. तीं दुकानें व तो बाजार आजहि आहेत. पण नातू रात्रीं पलंगावर पडल्या पडल्या मोबाईलवर तीच यादी शोधतो, आणि त्याच्यापुढें शेकडों वस्तु झळकूं लागतात. प्रत्येकीवर 'अस्सल' हा शब्द असतो; किंमती मात्र एकीला दुसरी मिळत नाहीं. गोंधळाला येथूनच आरंभ होतो.

हा गोंधळ निवारावयाचा तर प्रथम प्रश्न नीट मांडले पाहिजेत. "भाग खरा आहे का?" या एका वाक्यांत वस्तुतः तीन प्रश्न दडलेले आहेत. ज्याचें नांव त्यावर आहे त्यानेंच तो केला आहे का, हा पहिला. तो केव्हां तयार झाला, हा दुसरा. आणि या गाडीला तो आज चालेल का, हा तिसरा. पहिला प्रश्न सत्यतेचा, दुसरा वयाचा, तिसरा योग्यतेचा. बहुतेक लोक पहिल्याचें उत्तर मिळालें कीं तिन्हींचें मिळालें असें समजतात, आणि तेथेंच फसतात. अस्सल भाग वयानें निकामी झालेला असूं शकतो. आणि नुकताच तयार झालेला, निर्दोष, परंतु भलत्याच गाडीचा भागहि तितकाच निरुपयोगी असतो.

पहिल्या प्रश्नाचा विचार करतांना एक गैरसमज आधीं दूर करावा लागतो. गाडीच्या कंपनीच्या खोक्यांतून जें आलें नाहीं तें सर्व खोटें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. गाडी करणारा कारखाना सारेच भाग स्वतः करीत नाहीं. बेअरिंग, प्लग, केबल, सील, दिवे अशा अनेक वस्तु तो इतरांकडून करवून घेतो. त्यामुळें बाजारांत चार जातींचा माल असतो. गाडीच्या कंपनीच्या खोक्यांतून येणारा माल हा पहिला. कंपनीला तोच भाग पुरविणाऱ्या कारखान्यानें आपल्या नांवाच्या खोक्यांत विकलेला माल हा दुसरा. मूळ कंपनीशीं ज्याचा संबंध नाहीं, पण जो उघडपणें स्वतःच्या नांवानें बदली भाग करतो, त्याचा माल हा तिसरा. आणि दुसऱ्याचें नांव चोरून आपल्या मालावर छापणाऱ्याचा माल हा चौथा. यांतील दुसरा पुष्कळदां पहिल्याइतकाच चांगला आणि किंमतीला कमी असतो. तिसऱ्यांत बरेंवाईट दोन्ही सांपडतें. पण तो आपलें नांव लपवीत नाहीं, म्हणून त्याला जाब विचारतां येतो. चौथ्याला मात्र स्वतःचें नांवच नसतें. नकली माल हलका असतो एवढाच त्याचा दोष नव्हे. तो मोडला तर उत्तर कोणी द्यावयाचें हें कोणालाहि सांगतां येत नाहीं, हा त्याचा खरा दोष. जुन्या गाड्यांच्या बाबतींत आणखी दोन जाती येतात : जुना पण न वापरलेला माल, आणि वापरलेला पण घासूनपुसून, रंगवून नवा केलेला माल. हे दोन्ही विकण्यांत गैर कांहीं नाहीं. दुसरा हा पहिला म्हणून विकणें, हें मात्र गैर.

आतां पडद्यावर काय पाहावें? प्रथम नांवानें भुलूं नये. चेतक हें नांवच याचें उत्तम उदाहरण आहे. बजाज कंपनीनें स्कूटरचें उत्पादन थांबविण्याचा निर्णय २००९ सालीं जाहीर केला, आणि पुढें २०२० च्या जानेवारींत तेंच चेतक नांव धारण करणारी, विजेवर चालणारी सर्वस्वी निराळी गाडी बाजारांत आणली. नांव एक, पण एकीचा भाग दुसरीच्या कामाचा नाहीं. जुन्या चेतकींतहि कालांतरानें फरक होत गेले. आरंभीच्या गाड्यांत ठिणगीसाठीं पॉइंट असत, मागाहूनच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक योजना आली. म्हणून नांवापेक्षां भागाचा क्रमांक महत्त्वाचा. तो काढलेल्या जुन्या भागावर कोरलेला असतो किंवा कंपनीच्या भागसूचींत मिळतो. कधीं कधीं कंपनी जुना क्रमांक रद्द करून त्या जागीं नवा देते. असा बदल झाला असल्यास जाणता विक्रेता तें आपण होऊन सांगतो. न जाणणारा 'सर्व मॉडेलांना चालेल' एवढेंच लिहून मोकळा होतो. जें सर्वांना चालतें म्हणून सांगितलें जातें तें कोणालाच नीट बसत नाहीं, हा मिस्त्री-लोकांचा नित्याचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट चित्राची. दहा विक्रेत्यांच्या मालावर एकच छायाचित्र असेल तर तें त्यांपैकीं एकाच्याहि मालाचें नाहीं असें समजावें. विक्रेत्याला लिहून प्रत्यक्ष त्याच्याजवळच्या वस्तूचें चित्र मागावें : पुढून, मागून, क्रमांकाच्या जागेचें, खोक्याच्या चारी बाजूंचें; आणि शेजारीं त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवण्यास सांगावें. मागच्या बाजूचा आग्रह विशेष धरावा. नकल करणारा आपली सारी कला दर्शनी भागावर खर्च करतो; मागील बाजूस ओतकामाचे खळगे, न घासलेली कड, पुसट अंक हें सर्व जसेंच्या तसें राहून जातें. प्रामाणिक विक्रेत्याला अशा मागणीचा राग येत नाहीं. ज्याला येतो, त्यानें न विचारतांच उत्तर दिलें असें होतें.

तिसरी गोष्ट विकणाऱ्याची. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेचें नांव प्रसिद्ध असलें म्हणून माल तिचाच असतो असें नाहीं. ती जागा भाड्यानें देणाऱ्या मंडईसारखी असते. आंत गाळा लावून बसलेला माणूस निराळाच असतो. २०२० सालच्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांप्रमाणें विक्रेत्याची माहिती ग्राहकापुढें ठेवणें या बाजारपेठांवर बंधनकारक आहे, आणि माल परदेशांतून आलेला असल्यास मूळ देशाचें नांवहि देणें आवश्यक आहे. तें न वाचतां मागणी नोंदविणें म्हणजे दुकानाची पाटी न पाहतां पैसे मोजणें होय.

वयाच्या बाबतींत मात्र कायद्यांतच एक फट राहिली आहे, आणि ती ठाऊक असणें अगत्याचें आहे. २०११ सालच्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणें वेष्टनावर उत्पादकाचें नांव-पत्ता, कमाल किंमत इत्यादींबरोबर उत्पादनाचा महिना व वर्ष हीं छापावीं लागतात. १ जानेवारी २०१८ पासून ही माहिती ऑनलाइन पडद्यावरहि दाखविण्याची सक्ति झाली. परंतु तींतून महिना व वर्ष तेवढीं वगळण्यांत आलीं. कारण उघड आहे. एकाच चित्राखालीं निरनिराळ्या महिन्यांचा माल विकला जातो. पण परिणाम असा कीं, ग्राहकाला जें सर्वांत आधीं कळावयास हवें तें पुडकें घरीं येईपर्यंत कळत नाहीं. म्हणून तें विचारूनच घ्यावें लागतें.

जुन्या मालाचें वय ओळखण्याची विद्या पुण्याला अपरिचित नाहीं. १९१० सालीं स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेंत एखादी जुनी सनद पुढें आली म्हणजे जाणता संशोधक केवळ शिक्का पाहून समाधान मानीत नाहीं. कागद कोणता, शाई कशी, मोडीचें वळण कोणत्या काळचें, मायना योग्य आहे का, तिथि आणि वार यांचा मेळ बसतो का, हें सारें तो ताडून पाहतो. बनावट कागद करणाऱ्याला शिक्का करतां येतो. पण त्या तिथीला वार कोणता होता याचें भान त्याला राहत नाहीं. सुट्या भागाचें खोकें ही अशीच एक सनद होय, आणि तिचीहि तिथि-वार जुळवून पाहतां येतात.

खोक्यावर पत्त्यांत सहा अंकी पिनकोड असेल तर तें १५ ऑगस्ट १९७२ पूर्वींचें असूं शकत नाहीं. कारण त्या दिवशींच पिनकोड सुरू झाला. किंमत रुपये-आण्यांत असेल तर तें १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणें सुरू होण्यापूर्वींचें, किंवा फार तर त्यानंतर लवकरचें. सर्व करांसह कमाल किंमत छापण्याची सक्ति १९९० सालापासूनची आहे. भारतीय मानक संस्थेची जागा भारतीय मानक ब्यूरोनें घेतली ती १९८७ सालीं, आय.एस.आय. हें चिन्ह मात्र तसेंच राहिलें, म्हणून नुसत्या चिन्हावरून वय ठरत नाहीं, ब्यूरोचें नांव छापलेलें असेल तर ठरतें. पंधरा अक्षरांचा जी.एस.टी. क्रमांक असेल तर खोकें २०१७ सालानंतरचें. 'पूना' हें इंग्रजी रूप जाऊन 'पुणे' आलें तें १९७८ सालीं. बजाजच्या स्कूटरवर १९७१ पर्यंत इटलींतील पियाज्जो कंपनीच्या परवान्यानें व्हेस्पा हें नांव असे. म्हणून 'चेतकचा १९६८ सालचा अस्सल भाग' असें कोणी लिहिलें असेल तर पुढचें वाचण्याचें कारणच उरत नाहीं. जुन्या इंग्रजी मोटारसायकलींच्या हौशी मंडळींना असाच एक आधार लूकस कंपनीच्या विजेच्या भागांवर मिळतो. त्यांवर महिना व वर्ष यांचे अंक ठोकलेले असत. ५ आणि ४८ असे अंक दिसले म्हणजे भाग १९४८ च्या मे महिन्यांतला.

या पुराव्याची मर्यादाहि ध्यानांत ठेवावी. खोकें कोणत्या सालापूर्वींचें नाहीं एवढेंच यावरून कळतें. आंतील वस्तु खोक्याइतकीच जुनी आहे असें कळत नाहीं. जुन्या खोक्यांत नवी नकल घालणें सोपें आहे. म्हणून खोक्याची साक्ष वस्तूच्या साक्षीशीं जुळली पाहिजे. खरा गंज कोपऱ्यांतून, आंट्यांमधून आणि कधींकाळीं घामट बोटें जेथें लागलीं तेथून सुरू होतो. क्षाराच्या पाण्यांत बुडवून आणलेला गंज सर्वत्र सारखा पसरतो. वापरलेला भाग रंगविला तरी बोल्टाच्या भोकाची कड लांबट झालेली असते, आणि वॉशर जेथें दाबून बसला होता तेथें वर्तुळाकार खूण राहते. न वापरलेल्या भागाच्या भोकांत रंग चढलेला असला तर त्यांत बोल्ट कधीं शिरला नाहीं असें समजावयास हरकत नाहीं. मोबाईलवरील चित्र मोठें करून पाहिलें तरी यांतील निम्म्या गोष्टी दिसतात.

येथवर वयाचा विचार सत्यतेच्या दृष्टीनें झाला. पण वयाला स्वतःचेंहि महत्त्व आहे, आणि तें वस्तूच्या जातीप्रमाणें बदलतें. तेल लावून, कागदांत गुंडाळून कोरड्या जागीं ठेवलेला पोलादी गिअर तीस वर्षांनीं उघडला तरी बहुधा जसाच्या तसा निघतो. रबराचें तसें नाहीं. रबर कपाटांत पडल्या पडल्याच म्हातारें होतें. न वापरलेलें ऑइल-सील खोक्यांतून काढतांना नवें दिसतें, पण बोटांनीं वांकवितांच त्याच्या ओठाला बारीक भेगा पडतात. पेट्रोलच्या नळीची गोष्ट तर अधिक गंभीर आहे. देशांत पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें ध्येय २०२५ सालीं गाठण्यांत आलें. चाळीस वर्षांपूर्वींचीं नळी व सीलें जेव्हां झालीं तेव्हां असें मिश्रण कोणाच्या कल्पनेंतहि नव्हतें. त्या काळचें रबर या मिश्रणांत फुगूं किंवा भेगाळूं शकतें, आणि तापलेल्या यंत्राशेजारीं पेट्रोल ठिबकूं लागतें. तेव्हां आजोबांच्या गाडीसाठीं कोणी मोठ्या अभिमानानें त्याच काळची, त्याच कंपनीची, मोहोरबंद नळी विकूं लागला, तर ती अस्सल असूनहि घेऊं नये. सत्यता आणि योग्यता यांत अंतर पडतें तें असें.

टायराचें वय तर त्याच्या अंगावरच लिहिलेलें असतें. बाजूच्या भिंतीवर लांबोळक्या चौकटींत चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर २००० सालापूर्वींचा, आणि त्याचा उपयोग आतां शोभेपुरता. पांच वर्षांनंतर टायर दर वर्षीं तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर वरून कितीहि चांगला दिसला तरी बदलावा, असा कांहीं मोठ्या टायर-कारखानदारांचा सल्ला आहे. पडद्यावर 'अगदीं नवा, न वापरलेला' असें लिहिलेलें खोटें नसतें. पण न वापरलेला म्हणजे तरुण नव्हे. बॅटरीहि अशीच, विजेनें भरल्यावांचून महिनोन्महिने पडून राहिली तर तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर पुटें चढतात आणि पुढें ती पूर्ण भरतच नाहीं. अशा वस्तु विकत घेतांना आधीं तारीख विचारावी आणि मग किंमत.

पुडकें घरीं आलें म्हणजे परीक्षेचा खरा दिवस उजाडतो. तें उघडतांना आरंभापासून मोबाईलवर चलचित्र घेऊन ठेवावें. मागाहून वाद झाला तर तोच साक्षीदार. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, गाडींतून काढलेला जुना भाग तोंवर भंगारांत टाकूं नये. झिजलेला, काळवंडलेला असला तरी तोच खऱ्याखोट्याचा माप-दगड आहे. दोन्ही शेजारीं ठेवून भोकें, कडा, वळणें आणि कोरलेले अंक ताडावे. स्वयंपाकघरांतील तराजूवर दोन्ही वजन करून पाहावे. झिजेचा फरक सोडून नवा भाग जुन्याहून हलका भरला तर धातूंत काटकसर झाली आहे. चुंबक लावून पाहावा. जुना भाग अॅल्युमिनियमचा आणि नव्याला चुंबक चिकटतो, असें झालें तर दोन्हींचा कारखाना एक नव्हे. जुन्या चेतकच्या सिलिंडरचा मूळ व्यास ५७ मिलिमीटर. सिलिंडर जितका घासून मोठा केला असेल त्या मापाचाच पिस्टन लागतो आणि तें वाढीव माप पिस्टनच्या माथ्यावर कोरलेलें असतें. कोरलेलें माप आणि मिस्त्रीच्या व्हर्नियरनें घेतलेलें माप यांत फरक पडला, तर खोक्यावर कोणाचेंहि नांव असो, पिस्टन परत करावा.

ब्रेक-शूच्या बाबतींत तर दुप्पट सावधगिरी हवी. कारण हा भाग चांगला आहे कीं वाईट हें गाडी थांबेपर्यंत, किंवा न थांबेपर्यंत, कळत नाहीं. लायनर आणि धातु यांच्या सांध्यावरून नख फिरवावें. कोठें फट लागली, डिंकाचे ओघळ दिसले, तर तो शू बाजूला ठेवावा. लायनरचा पृष्ठभाग एकजीव असावा. भुसभुशीत कडा, आंत निरनिराळ्या रंगांचे खडे, बोटाला लागणारी पूड हीं चिन्हें बरीं नव्हेत. शू ड्रमच्या आंत धरून पाहिला म्हणजे त्याची गोलाई ड्रमच्या गोलाईशीं मिळाली पाहिजे. हलक्या प्रतीचा लायनर गार असतांना चांगला धरतो आणि तापला कीं निसटूं लागतो. सपाट रस्त्यावर, घराजवळच्या फेरींत तो उत्तीर्ण होतो. त्याची परीक्षा घाटाच्या उतारावर होते, आणि तेथें परीक्षा देणारा तो एकटा नसतो.

खोक्यावरील चमकती होलोग्राम-चिठ्ठी आणि मोबाईलनें वाचावयाचा क्यू.आर. चौकोन यांवर अलीकडे फार भरंवसा ठेवला जातो. त्यांचा उपयोग आहे, पण तीं छापितां येतात हेंहि विसरूं नये. चौकोन वाचल्यावर जी जागा उघडते ती उत्पादकाचीच आहे का, तेथें दाखविलेला क्रमांक आपल्याच खोक्यावरचा आहे का, आणि तोच क्रमांक पूर्वीं तपासला गेल्याची नोंद निघते का, हें पाहावें. कांहीं उत्पादकांनीं याहून पुढची सोय केली आहे; उदाहरणार्थ, बेअरिंगसाठीं प्रसिद्ध असलेल्या एस.के.एफ. कंपनीला तिच्या मोबाईलवरील साधनानें खोक्याचीं व बेअरिंगचीं छायाचित्रें पाठविलीं कीं तिचे जाणकार तीं पाहून उत्तर कळवितात. ग्राहकांच्या हातांतहि एक उपाय आहे. नकली माल विकणाऱ्यांना खरीं रिकामीं खोकीं फार मोलाचीं वाटतात. तेव्हां भाग बसवून झाला कीं खोकें सबंधच्या सबंध रद्दींत देऊं नये. चिठ्ठी खरवडून आणि खोकें फाडून मगच टाकावें. एका घराचा निष्काळजीपणा दुसऱ्या घराच्या फसवणुकीचें साधन होतो, तो या वाटेनें.

इतकें करूनहि फसगत झालीच तर गप्प बसूं नये. पावती, चित्रें आणि पत्रव्यवहार जपून ठेवून प्रथम बाजारपेठेच्या तक्रार-अधिकाऱ्याकडे लिहावें. २०२० च्या नियमांप्रमाणें त्यानें अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोंच द्यावी आणि एका महिन्यांत निवारण करावें असें ठरलेलें आहे. तेथें दाद न लागली तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि शेवटीं ग्राहक आयोग आहे. खोटें व्यापारचिन्ह लावणें हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानें गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. हा विचार देशांत नवाहि नाहीं. खोट्या चिन्हांविरुद्धचा कायदा १८८९ सालींच झाला होता. कायदा जुना आहे, खोटेपणाहि जुना आहे. मध्यें तक्रार करणारा माणूस मात्र नेहमीं कमी पडतो. शंभर-दोनशें रुपयांसाठीं कोण खटाटोप करील, असें म्हणून तो खोटा भाग कोनाड्यांत फेकून देतो, आणि तोच भाग दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या घरीं जाऊन पोंचतो.

येरवड्याच्या त्या कल्पित घराकडे पुन्हां वळावें. नातवानें यादीप्रमाणें सात पुडकीं मागविलीं असतील तर त्यांतील पांच ठेवण्याजोगीं आणि दोन परत करण्याजोगीं निघावीं, हें अगदीं संभवनीय आहे. त्या दोहोंत कदाचित् आजोबांच्याच काळची, सुंदर खोक्यांतली पेट्रोलची नळी असेल, आणि ती परत करतांना त्याला वाईटहि वाटेल. पण ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचा क्रमांक, विक्रेता, उत्पादनाचा महिना आणि बसविल्याची तारीख त्यानें एका साध्या वहींत लिहून ठेवावी, आणि ती वही गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. जुनी खासगी गाडी म्हटली कीं पंधरा वर्षांनंतर तिची नोंदणी पुनःपुन्हां नवी करून घेणें आलें, तपासणी आली. त्या वेळीं ती वही हाताशीं असावी. आणि पुढें केव्हां तरी दुसरा कोणी ती गाडी उघडील, तेव्हां तिच्या पोटांत काय आहे, तें कोठून आलें आणि किती जुनें आहे, हें त्याला नव्यानें पारखीत बसावें लागणार नाहीं.